बूथच्या डायरीतली फाटकी पानं आणि आमचे फॉरवर्डबहाद्दर

कृष्णाकाठ: गावच्या ग्रुपवर परत तीच पोस्ट. ‘लिंकनच्या मारेकऱ्याच्या डायरीतली १८ पानं गायब, त्यात युद्धमंत्री स्टँटनचं नाव होतं!’ पानं किती गेली यावरच एकमत नाही, पण त्यावर काय लिहिलं होतं ते आमच्या ग्रुपला तोंडपाठ. अहो, १८६५ च्या एप्रिलात बूथ पळत होता आणि खिशात डायरी होती १८६४ सालची. जुन्या डायरीची पानं माणूस फाडणारच. पळताना ज्याच्या दारात गेला त्या डॉ. स्टुअर्टनं जेवायला घातलं पण घरात झोपू दिलं नाही, तर या गड्यानं त्याच डायरीचं पान फाडून टोमणा लिहून धाडला, वर जेवणाचे अडीच डॉलर. आधी पाच लिहिले होते, मग हात आखडला! १९७७ ला एफबीआयनं डायरी तपासली, अदृश्य शाई वगैरे काही निघालं नाही. विषय संपला.

अजिंक्यतारा: तुमचा संपला असेल. २६ एप्रिलला बूथ मेला, डायरी त्याच्या अंगावर सापडली, स्टँटनकडं पोचली. मग कटातल्या साथीदारांवरच्या मे-जूनच्या खटल्यात ती का दाखवली नाही? बाहेर आली १८६७ ला, तोवर त्याच खटल्यातली आरोपी मेरी सरॅट फासावर गेलेली. आणि हेरप्रमुख बेकरनं साक्ष दिलीय की मी दिली तेव्हा ही पानं होती.

कृष्णाकाठ: बेकरच्या शब्दावर मी शेळीसुद्धा विकत घेणार नाही. स्टँटन म्हणाला, माझ्याकडं आली तेव्हाच पानं नव्हती.

अजिंक्यतारा: ज्याच्यावर संशय, त्याचीच साक्ष! वा.

हळदपेठ: फरारी माणूस डायरी लिहितोच कशाला? आमचे आजोबा बेचाळीसला भूमिगत होते. पोलीस आले की आजी आधी कागद चुलीत घालायची. बूथ पडला नट. सीझरला मारणाऱ्या ब्रूटसला मान मिळाला आणि मला कुत्र्यासारखं हाकलताय, असं रडगाणं लिहिलंय त्यानं. नंतर आजोबांनी आठवणींची वही केली, ती एका वाचनालयानं प्रदर्शनाला नेली. परत आली ती मधली पानं गायब होऊन. कट नाही, कारस्थान नाही, नुसता हलगर्जीपणा.

माहुलीकर: म्हणजे सातारचं प्रतिसरकार. अभिमान आहे.

हळदपेठ: सातारचं? प्रतिसरकारचं केंद्र कुंडल, ते कुठं येतं ओ?

माहुलीकर: तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, सांगली नाव १९६० ला. शिकून या.

हळदपेठ: तुम्हीच या. कुंडल तेव्हा औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींकडं. साताऱ्याचा कलेक्टर तिथं कोण लागून गेला?

माहुलीकर: नाना पाटलांना जिल्हा विचारत बसता तुम्ही? लाज वाटू द्या.

कृष्णाकाठ: धागा बूथचा आहे, मंडळी.

अजिंक्यतारा: बरं, बेकर खोटारडा. झालं समाधान? पण दोन वर्षं डायरी दाबली ती बेकरनं नव्हे.

कृष्णाकाठ: दाबली, मान्य. पण लपवण्यासारखं शिल्लक पानांतच होतं! सहा महिने लिंकनला पळवून न्यायचं चाललं होतं, खुनाचं ऐनवेळी ठरलं, असं बूथ स्वतः लिहितो. सरॅटच्या वकिलाला हे मिळालं असतं तर? त्यावर कोणी पोस्ट करत नाही, कारण ते वाचावं लागतं.

अजिंक्यतारा: म्हणजे स्टँटननं लपवलं. मी तेच म्हणत होतो, आभार.

हळदपेठ: २४ जुलै १९४३, वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून पळाले, खांद्यात गोळी खाल्ली. आता तेही साताऱ्याचे म्हणा, मग बघतो.

माहुलीकर: म्हणलो का मी?