इटालियन ग्रेहाउंड: पाय, दात आणि भूल

नवा_पालक: पिल्लू पाच महिन्यांचं आहे, सोफ्यावरून सारखं उडी मारतं. कुत्र्यांच्या या जातीत पाय लवकर मोडतात म्हणे? दात कधीपासून घासायचे?

लांबनाक्या: मोडतात, आणि बहुधा पुढचाच पाय, मनगटाच्या जरा वर. तिथे हाड पेन्सिलीएवढं बारीक, रक्तपुरवठाही कमी. म्हणून नुसतं प्लास्टर सहसा पुरत नाही, हाडाला धातूची प्लेट बसवावी लागते. साधारण दीड वर्षापर्यंत जपा. सोफ्याला उतरती फळी लावा, फरशीवर रबरी मॅट अंथरा, उचलताना छाती आणि मागचा भाग दोन्हींना आधार द्या. पिल्लांचं तयार खाणं देत असाल तर वर कॅल्शियम नको.

सुळा: दात आजपासूनच, आणि रोज! मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून बाहेरची बाजू घासा. माणसांची पेस्ट अजिबात नको. काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं, ते कुत्र्यांना विषारी. सात महिने उलटूनही दुधाचा सुळा पडला नाही तर डॉक्टरांकडून काढून घ्या.

लांबनाक्या: दातांसाठी भूल देणार असाल तर एक विचारा: भुलीचं औषध थायोपेंटोन तर नाही ना? अंगावर चरबी कमी आणि यकृतात ते हळू मोडतं, त्यामुळे शुद्ध फार उशिरा येते. प्रोपोफॉल बरं. टेबलावर ऊबही हवी, हे अंग झटकन गार पडतं.