मागचे गिअर दोन्हीकडे जाताना अडखळतात : सोसायटीच्या सायकल ग्रुपवरील चर्चा

बी-४०२ : सर्वांना नमस्कार. माझ्या अकरा स्पीडच्या (मागे अकरा दातेरी चक्रे असलेल्या) रोड बाइकचे मागचे गिअर गेल्या आठवड्यापासून नीट पडत नाहीत. चढावर मोठ्या चक्राकडे जाण्यासाठी लिव्हर दाबला की चेन क्षणभर घुटमळते आणि मग खाडकन चढते. परत लहान चक्राकडे यायचे म्हटले, तर पेडलचे दोन-तीन फेरे होईपर्यंत ती जागची हलत नाही. डिरेलरपाशी (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागापाशी) असलेला बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारी फिरकी, मी बराच फिरवून पाहिला, पण मोठी चक्रे जुळली की लहान बिघडतात आणि लहान जुळवली की मोठ्यांवर चेन कुरकुरू लागते. डिरेलरवर आणखी दोन बारीक स्क्रू दिसत आहेत. तेही थोडे फिरवून पाहावेत का?

ए-१०१ : कृपया त्या दोन स्क्रूंना हात लावू नका. एकावर ‘एच’ आणि दुसऱ्यावर ‘एल’ असे अक्षर असेल. पहिला स्क्रू चेनला सर्वांत लहान चक्राच्या पलीकडे फ्रेमच्या बाजूला पडू देत नाही, आणि दुसरा तिला सर्वांत मोठ्या चक्राच्या पलीकडे स्पोकमध्ये जाऊ देत नाही. त्यांचे काम म्हणजे दोन टोकांना घातलेले कुंपण. मधली नऊ चक्रे कशी जुळतात, याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो. तुमचा दोष मधल्या गिअरमध्ये आहे, म्हणजे तो तिथे नाही. उलट ‘एल’ स्क्रू चुकून सैल झाला आणि चढावर चेन स्पोकमध्ये शिरली, तर डिरेलर आणि चाक दोन्ही हातचे जाऊ शकतात.

सी-२०३ : माझ्या सायकलला मागे असाच त्रास झाला होता. दुकानात सांगितले, की चेन आणि कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) झिजली आहे. दोन्ही बदलून घेतले, तरी दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. शेवटी गिअरचाही लिव्हर असलेल्या उजव्या ब्रेक लिव्हरवरचे रबरी आवरण उलटे करून पाहिले, तेव्हा आतल्या केबलच्या डोक्यापाशी तीन-चार तारा तुटून कुंच्यासारख्या पिंजारलेल्या होत्या. त्या लिव्हरच्या आतल्या खाचेत अडकत होत्या.

ए-१०१ : ताई, तुमचा अनुभव अगदी जागेवर बोट ठेवणारा आहे. केबल लिव्हरच्या आत लहानशा वळणावरून जाते, म्हणून ती बहुधा तिथेच तुटू लागते, आणि ती जागा झाकलेली असल्यामुळे तिथे कोणी पाहत नाही. पुढे एखाद्या दिवशी ती पूर्ण तुटली, तर डिरेलरची स्प्रिंग चेनला सर्वांत लहान चक्रावर आणून बसवते आणि उरलेला सगळा चढ त्याच एका जड गिअरवर काढावा लागतो. चेन झिजल्याची खूण मात्र वेगळी असते. झिजलेल्या चेनमुळे, विशेषतः चक्रांचे दातही झिजले असतील तर, पेडलवर जोर दिल्याबरोबर चेन दातांवरून घसरते. गिअर बदलताना ती केवळ घुटमळत नाही. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्यांची लांबी पिनेपासून पिनेपर्यंत ३०४.८ मिमी भरते. अकरा स्पीडची चेन यापेक्षा दीड मिमीने, म्हणजे साधारण अर्ध्या टक्क्याने वाढली, की बदलावी. साध्या पोलादी पट्टीनेही हे मोजता येते, त्यामुळे कोणाच्या सांगण्यावरून नवी कॅसेट घेण्यापूर्वी तेवढे करून पाहायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्न. गिअर कोणत्या दिशेला जाताना अडखळतो, हे मी सर्वांत आधी विचारतो. मागचा डिरेलर स्प्रिंगच्या जोरावर लहान चक्राकडे येतो आणि केबलच्या ओढीने मोठ्या चक्राकडे जातो. त्यामुळे फक्त मोठ्या चक्राकडे जाताना चेन आळस करत असेल, तर केबल सैल आहे असे समजावे. ॲडजस्टर मागून पाहत घड्याळाच्या उलट दिशेने पाव-पाव फेरा फिरवला, की काम होते. फक्त लहान चक्राकडे येताना चेन रेंगाळत असेल, तर केबल जास्त ताणलेली आहे किंवा कुठेतरी घासते आहे. तुमची चेन मात्र दोन्हीकडे जाताना अडखळते. अशा वेळी ॲडजस्टर कितीही फिरवला, तरी दोष एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलला जातो, इतकेच. तुमच्या वर्णनात नेमके तेच दिसते आहे. त्यामुळे एक तर केबलच्या मार्गात अडथळा आहे, नाही तर डिरेलर ज्यावर बसवलेला आहे तो हँगर वाकला आहे.

बी-४०२ : काका, हे दोन्ही घरी तपासता येईल का? माझ्याकडे फक्त ॲलन कीचा संच आहे.

ए-१०१ : येईल. चेन सर्वांत लहान चक्रावर आणा, डिरेलरवर केबल पकडणारा बोल्ट सैल करा आणि केबलचे टोक हातात धरून हलकेसे ताणून ठेवा. दुसऱ्या हाताने लिव्हरचे एकेक क्लिक पुढे-मागे करा. केबल लोण्यातून सरकल्यासारखी यायला हवी. ती खरखरीत लागली किंवा सोडताना अडकली, तर आतली तार आणि बाहेरचे कव्हर दोन्ही बदला. तेल सोडून भागवू नका, कारण त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. कव्हर घेताना ते गिअरचेच घ्या. त्यात तारा लांबीच्या दिशेने सरळ बसवलेल्या असतात, म्हणून ते दाबले जात नाही. ब्रेकच्या साध्या कव्हरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि ते किंचित आखडते. ब्रेकला तेवढ्याने बिघडत नाही, गिअरला बिघडते.

हँगर तपासण्यासाठी सायकलच्या अगदी मागे, चाकाच्या उंचीला डोळे येतील असे बसा. डिरेलरची दोन लहान चाके एकाखाली एक, आणि वरच्या चक्राच्या सरळ रेषेत दिसली पाहिजेत. खालचे चाक आत, स्पोककडे झुकलेले दिसले, तर शंका मिटली.

सी-२०३ : इतक्याशा वाकण्याने एवढा फरक पडतो का? माझ्या वडिलांच्या जुन्या गिअरच्या सायकलला असे काही कधी झाल्याचे आठवत नाही.

ए-१०१ : ताई, त्या काळच्या लिव्हरला क्लिक नसायचे. चालवणारा कानाने ऐकून लिव्हर थोडा पुढे-मागे करायचा आणि हँगर वाकडा असला तरी हातानेच सांभाळून घ्यायचा. १९८४ साली शिमानो या जपानी कंपनीने ड्युरा-एस या आपल्या सुट्या भागांच्या संचात क्लिकचे गिअर आणले, तेव्हापासून प्रत्येक क्लिकला केबल ठरावीक अंतरच ओढते. त्यात आठ स्पीडच्या कॅसेटमध्ये एका चक्रापासून पुढच्या चक्रापर्यंतचे अंतर सुमारे ४.८ मिमी असते. अकरा स्पीडमध्ये ते ३.७ मिमीच्या आसपास येते, म्हणून थोडी चूकही लगेच जाणवते. हँगर वाकला, की डिरेलर तिरक्या वाटेने सरकतो आणि ते ठरावीक अंतर सगळ्या चक्रांवर सारखे लागू पडत नाही.

बी-४०२ : केबल तपासली, ती अगदी मोकळी सरकते. मागे बसून पाहिले, तर खालचे चाक स्पष्टपणे आत झुकलेले आहे. आता आठवले, की गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये सायकल उजव्या अंगावर पडलेली सापडली होती. कोठे खरचटलेले दिसले नाही, म्हणून मी ती तशीच उचलून ठेवली. हँगर हाताने ओढून सरळ केला तर चालेल का?

ए-१०१ : डिरेलर धरून मुळीच ओढू नका. हँगर ॲल्युमिनियमचा असतो. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो आणि पुन्हा पुन्हा वाकवला तर तडकतो. माझ्याकडे तो सरळ करण्याचे हत्यार आहे. ते डिरेलरच्या जागी पिळून बसवायचे आणि त्याचा लांब दांडा रिमशी चार ठिकाणी ताडून पाहायचा. दर वेळी चाक फिरवून व्हॉल्व्ह दांड्यासमोर आणायचा, म्हणजे रिमचा एकच बिंदू मोजला जातो आणि चाकातला डुगडुगीचा दोष हँगरच्या माथी येत नाही. तोवर सर्वांत मोठ्या चक्राचा गिअर वापरू नका. हँगर आत वाकलेला असताना डिरेलर स्पोकच्या फार जवळ येतो. संध्याकाळी सायकल घेऊन खाली या.

बी-४०२ : सर्वांच्या माहितीसाठी लिहितो. वरच्या बाजूला दांडा आणि रिम यांत करंगळी मावेल एवढे जास्तीचे अंतर निघाले. काकांनी हँगर दोन टप्प्यांत, दर वेळी पुन्हा मोजून सरळ केला. नंतर चेन सर्वांत लहान चक्रावर ठेवून एक क्लिक दिले, ती दुसऱ्यावर चढेना, म्हणून ॲडजस्टर अर्धा फेरा ताणला आणि अकराही गिअर दोन्ही दिशांना आवाज न करता पडले. त्या दोन स्क्रूंना शेवटपर्यंत हात लावावा लागला नाही. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून माझ्या मॉडेलचा एक जास्तीचा मागवून ठेवतो आहे. सायकल आता भिंतीला डाव्या अंगाने टेकवली आहे; शेजारची सायकल लावताना कृपया तिला उजवीकडून धक्का लागू देऊ नये.