अनुभव धागा : मॅचला गेलो आणि पोलीस ठाण्यात पोहोचलो

आमच्या वाड्यावरच्या दोन पोरांना परवा फुटबॉलची मॅच सुटल्यावर पोलिसांनी उचललं. रात्री साडेदहाला त्यांच्या वडिलांबरोबर मी ठाण्यात उभा होतो आणि नेमकं काय विचारायचं तेच सुचेना. फातोर्ड्याचं स्टेडियम असो, वास्कोचं टिळक मैदान असो की फेस्ताची (चर्चच्या जत्रेची) गावची टुर्नामेंट, ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी लिहा. माणसांची, ठाण्यांची नावं नकोत.

मडगाव
गेटवर ढकलाढकली चालली होती. शिपाई माझ्या धाकट्या भावाला कॉलर धरून ओढत होता, मी मध्ये पडून त्याचं मनगट धरलं. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं धरलं. भावावर साध्या मारामारीचा गुन्हा, तो जामीनपात्र असतो (जामीन हक्काने मिळतो), म्हणून भाऊ त्याच रात्री घरी गेला. माझ्यावर मात्र सरकारी नोकराला कामात अडवून बळ वापरल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागलं, ते अजामीनपात्र.

पट्टा, बुटांच्या नाड्या, मोबाईल, पाकिटातले 340 रुपये, सगळ्याची यादी झाली. मग अटकेचा कागद पुढे आला. धरलं होतं पावणेदहाला, कागदावर वेळ सव्वाअकराची. न वाचता सही केली. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, म्हणून त्या वेळेला किंमत आहे, हे नंतर कळलं. त्या कागदावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या कुणा प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही लागते. माझे काका बाहेर बाकावर बसून होते, त्यांना कुणी आत बोलावलं नाही आणि मीही मागणी केली नाही.

फोंडा
मी वकिली करते. मडगावच्या भावाने लिहिलंय ते दर मोसमात बघते. पहिला प्रश्न एकच विचारा : "साहेब, ही अटक आहे की चौकशीला बसवलंय?" अटक असेल तर कारण सांगणं आणि तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तरी हे हक्क जुनेच आहेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर कलम 35 ची नोटीस देऊन सोडता येतं. ती नोटीस आली की ठरल्या दिवशी जायचंच, चुकवलीत तर अटक ओढवून घ्याल. गुन्हा होऊ नये म्हणून कलम 170 खाली धरलं असेल तर चोवीस तासांच्या पुढे त्याच कलमावर ठेवता येत नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं. फीला पैसे नसतील तर 15100 वर फोन करा, कायदेविषयक मदत मिळते.

वास्को
माझा मुलगा सोळाचा. अंगाने थोराड, मिशा फुटलेल्या, त्यामुळे मोठ्यांच्यातच बसवला होता. जन्मदाखल्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता तो दाखवला तेव्हा अधिकाऱ्यांचा सूर बदलला. अठराच्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. आयांनो, दाखल्याचा फोटो आजच काढून ठेवा.

म्हापसा
वैद्यकीय तपासणीला नेतात तेव्हा गप्प बसू नका. शर्ट वर करून मी डॉक्टरांना पाठीवरचा वळ दाखवला, तो त्यांनी मोजून लिहिला. पुढे कोर्टात तोच एक कागद माझ्या बाजूने बोलला.

सासष्टी
माझी गोष्ट धिरयोची, म्हणजे बैलांच्या झुंजीची. उच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंदी घातली हे ठाऊक असूनही बघायला गेलो, ही चूक माझीच. जीप दिसताच सगळे शेतातून पळाले, मी बांधावरून पडून घोटा मोडला. पळालो म्हणून संशय वाढला तो वेगळाच. थांबून नाव-पत्ता सांगितला असता तर बरं झालं असतं.

(धागा सुरू करणारा)
सगळ्यांचे आभार. पोरं घरी आहेत, मात्र एकाला मामलेदारांपुढे हजर राहायची नोटीस आलीय, सोमवारी. वकीलताई, बरोबर काय काय न्यायचं तेवढं सांगाल का? त्याची आई काल रात्रभर जागीच आहे.