नाराचं हासेदेरा, ३९९ पायऱ्या आणि आईचे गुडघे

कोपरी_पूर्व
नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन जपानला चाललोय. मुक्काम ओसाकाला. साइगोकु म्हणजे तिकडची अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाच्या ३३ देवळांची यात्रा, त्यांपैकी एक तरी नीट बघायचं आहे आणि आईचं मन हासेदेरावर बसलंय. टूरवाल्यांच्या यादीत ते नाही, म्हणजे आपलं आपणच जायचं. आई ६६ वर्षांची, गुडघे बोलतात. मुंब्रा देवीच्या पायऱ्या ती थांबत थांबत चढते. हे ३९९ पायऱ्यांचं प्रकरण कितपत जड जाईल? अर्धा दिवस पुरेल का? आणि दोघंही शुद्ध शाकाहारी.

सीवूड्सचा_वाटाड्या
आधी नकाशा तपासा. हासेदेरा नावाची दोन मोठी देवळं आहेत. एक तोक्योजवळ कामाकुराला, ते बांदो नावाच्या तिकडच्या अशाच यात्रेतलं ४ थं. तुम्हाला हवं ते नारा प्रांतात साकुराई गावात, साइगोकुचं ८ वं. नुसतं 'हासेदेरा' टाकलं तर फोन कामाकुराही दाखवतो. शोधताना 'नारा' जोडा.

ओसाका-उएहोम्माची किंवा त्सुरुहाशीहून किन्तेत्सू या खासगी रेल्वेच्या ओसाका लाइनची 'क्युको' (एक्सप्रेस) गाडी धरा, हासेदेरा स्टेशनला थेट उतरवते. साधारण पाऊण ते एक तास. जादा तिकिटाची लिमिटेड एक्सप्रेस इथं सहसा थांबत नाही, तिच्यात बसलात तर यामातो-यागीला उतरून बदलावी लागेल. आधी पैसे भरून ठेवायचं इकोका प्रवासकार्ड चालतं.

आता पायऱ्या. त्यांची भीती लोक उगाच घेतात. 'नोबोरीरो' म्हणजे छप्पर असलेला दगडी जिना आहे, दोन्ही बाजूंना लाकडी खांब, वर ओळीनं टांगलेले गोल कंदील. खालचा, मधला, वरचा असे तीन टप्पे, मध्ये वळणं. खालच्या टप्प्यातली पायरी रुंद आणि इतकी बुटकी की पाऊल मोजून टाकावं लागतं. गुडघ्याला उंचीचा त्रास नाही, पण चालीची लय सापडत नाही, आणि घाई करणारा नेमका तिथंच अडखळतो. वरचा टप्पा जास्त उभा आहे, दम राखायचा तो तिथं. पन्नासेक पायऱ्यांनी एकदा थांबलात तर अर्ध्या तासात आरामात वर.

खरी मेख वेगळी आहे. स्टेशन उंचावर आणि देऊळ समोरच्या डोंगरात, मध्ये नदीचं खोरं. म्हणजे स्टेशनातून पायऱ्या उतरा, नदी ओलांडा, बाजारपेठेतून चालत जा (एकूण १५ ते २० मिनिटं) आणि मग देवळाचा चढ. परतताना दमलेल्या पायांनी स्टेशनचा चढ राहतोच, आणि आईचे गुडघे कुरकुरले तर तिथं कुरकुरतील. त्यासाठी जोर शिल्लक ठेवा. काठी नेताय तर खाली रबर लावलेली न्या.

वेळ: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ९ ते ५, डिसेंबरपासून साडेचारलाच बंद. तिकीट ५०० येन. त्या दिवसांत पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, खोऱ्यात त्याच्याही आधी गारवा उतरतो. सकाळीच निघा आणि काही झालं तरी बाराच्या आत वर पोचा. जिन्याच्या माथ्यावर घंटेचा मनोरा आहे, तिथं रोज भर दुपारी बाराला घंटा देतात आणि शंख फुंकतात. हजार वर्षांपूर्वीच्या जपानी लिखाणातही या शंखाचा उल्लेख सापडतो.

उतरताना तोच जिना धरू नका. मुख्य मंदिराच्या मागून पाच मजली पॅगोडाकडे वाट जाते (तो १९५४ चा, म्हणजे तसा नवाच) आणि तिथून होन्बोकडे (देवळाच्या मठ-कचेरीकडे) खाली येते. आईला ती सोपी पडेल, आणि मेपलही त्याच बाजूनं छान दिसतात.

नौपाडा_दक्षिण
जेवणाचं एकच. पेठेत सोमेनची दुकानं दिसतील, शेजारच्या मिवा गावच्या बारीक शेवया. दिसायला अगदी सात्त्विक, पण रस्सा बहुतेक ठिकाणी सुक्या माशाच्या 'दाशी'चा असतो. वर मासा दिसत नाही म्हणून माणूस फसतो. त्यापेक्षा कुसामोची घ्या: तांदळाच्या चिकट पिठात दवण्याच्या जातकुळीतली योमोगी घालून हिरवी केलेली, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण. भाजून देतात ती गरम असतानाच खा, गार झाली की चिवट होते. पोटभरीचं मात्र घरून थेपले.

येऊरचा_पायथा
आईंना वर काय दिसणार ते आधी सांगून ठेवा, मग चढ हलका होतो. मूर्ती एकादशमुख अवलोकितेश्वराची, जपानीत 'जुइचिमेन कान्नोन'. लाकडाची, १० मीटरहून उंच, १५३८ मधली. डाव्या हातात कलश, तो नेहमीचाच. पण उजव्या हातात कड्या लावलेला दंड आहे आणि पायाखाली कमळाऐवजी चौकोनी शिळा. हा दंड एरवी क्षितिगर्भ या दुसऱ्या बोधिसत्त्वाच्या हातात असतो. हा कान्नोन लोकांच्या मदतीला स्वतः चालत निघतो, असा त्याचा अर्थ लावतात. मूर्तीच्या या घडणीला 'हासेदेरा घाट' म्हणतात आणि पुढं बऱ्याच ठिकाणी तो उचलला गेला.

आणि जपानला जायच्या आधी एका रविवारी कान्हेरीला जा. ४१ क्रमांकाच्या लेण्यात हाच एकादशमुख दगडात कोरलाय, मुख्य चेहऱ्यावर लहान चेहऱ्यांची उतरंड रचल्यासारखी. भारतात असं शिल्प फार दुर्मीळ, आणि ते ठाण्याच्या डोंगरापलीकडे आहे. (सोमवारी उद्यान बंद असतं.)

वसंतात आणि शरदात विशेष दर्शन असतं, त्याचं तिकीट वेगळं. मनगटाला पंचरंगी धागा बांधतात आणि आत सोडतात, थेट मूर्तीच्या पावलांपाशी. पावलांना हात लावता येतो. आपल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एरवी समोरून वरचा भागच नजरेत भरतो, पावलं खाली राहतात. तुमच्या तारखांना ते चालू आहे का, एवढं देवळाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आत मूर्तीचा फोटो काढायचा नाही.

कोपरी_पूर्व
पायांना हात लावता येतो म्हटल्यावर आई आत्ताच बॅग भरायला बसली. यात्रेत प्रत्येक देवळात शिक्का घ्यायची वही असते ना, ती कुठून घेऊ? १ ल्या देवळापासून सुरुवात करावी लागते का?

सीवूड्सचा_वाटाड्या
नाही, क्रम सक्तीचा नाही. १ लं सेइगांतो-जी पार नाचीला, समुद्राकडे. सोयीनं फिरणारेच जास्त. वही हासेदेरालाच मिळते. साइगोकुची खास वही घेतलीत तर प्रत्येक देवळाचं पान ठरलेलं असतं, ८ वं पान उघडूनच पुढं करा. साधी डायरी पुढं करू नका, तो शिक्का दर्शनाची खूण आहे, पर्यटनाची नव्हे. म्हणूनच आधी दर्शन, मग वही. पैसे रोख द्या, १०० आणि ५०० ची नाणी वेगळी काढून ठेवा.

शाई ब्रशची, ओली असते. मध्ये टिपकागद ठेवून देतात, तो लगेच काढू नका. वही पिशवीत आडवी ठेवा आणि वर पाण्याची बाटली लादू नका, नाहीतर अक्षर समोरच्या पानावर उमटतं.

आणखी एक. जिन्याच्या पायथ्याशी न जाता पेठेतच 'होकीइन' नावाचं छोटं देऊळ लागतं. साइगोकु यात्रा सुरू करणारा भिक्षू तोकुदो याचं ते स्थान, ३३ च्या बाहेरचं पण यात्रेतलंच. चढ जवळजवळ नाही. बाबा जिना चढून गेले आणि आई थकली, तर तिला तिथं बसवता येईल.