दया हे धर्माचे मूळ मानणाऱ्याने फाशीचे समर्थन कसे करावे?

प्रश्न (बाळीवेस)
आमच्या घरी लिंगपूजा चुकत नाही आणि दया हेच धर्माचे मूळ, ही बसवण्णांची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तरीही एखाद्या बालिकेवरील अत्याचाराची बातमी वाचली की ‘याला फाशीच हवी’ असे तोंडून निघून जाते. परवा नातीने विचारले, ‘‘आजोबा, जीव देवाने दिला म्हणता, मग तो काढायचा अधिकार न्यायाधीशांना कोणी दिला?’’ मला उत्तर सुचले नाही. दर १२ जानेवारीला सोलापुरात, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या धामधुमीत, आपण चार हुतात्म्यांना हार घालतो. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा यांना १९३१ साली येरवड्यात दिलेली फाशीदेखील न्यायालयाच्या निकालानेच झाली होती. श्रद्धाळू मंडळी याचा मेळ कसा घालतात?

उत्तर (शुक्रवार पेठ)
आम्हा जैनांकडे हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेला वध, पूर्णपणे टाळावा. स्वयंपाकात, शेतीत किंवा व्यवसायात नाइलाजाने घडणारी आणि स्वतःच्या व इतरांच्या रक्षणासाठी करावी लागणारी हिंसा त्याला सर्वस्वी टळत नाही. चालून आलेल्या दरोडेखोराला रोखताना तो मेला तर ती विरोधी हिंसा होय. परंतु वर्षानुवर्षे कोठडीत असलेल्या, हात बांधलेल्या माणसाला तारीख व वेळ ठरवून मारणे कोणत्या प्रकारात बसवावे? पाठशाळेत शिकलेल्या व्याख्येप्रमाणे मला तरी ती संकल्पीच वाटते.

उत्तर (जुळे सोलापूर)
मी वकिली करतो, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. तुकोबांनी दयेच्या व्याख्येतच भूतांच्या पालनाबरोबर कंटकांचे निर्दाळणही घातले आहे, म्हणून दया म्हणजे सरसकट माफी नव्हे. मात्र निर्दाळण म्हणजे वधच, असेही त्यातून निघत नाही. जन्मठेपेनेही कंटक समाजातून दूर होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बच्चन सिंग खटल्यात फाशी घटनाबाह्य ठरवली नाही, पण ती दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणातच आणि जन्मठेपेचा पर्याय पूर्णपणे खुंटल्यावरच द्यावी, असे सांगितले. आरोपी सुधारण्याची शक्यताही तपासायला लावली. डॉ. आंबेडकरांनी तर ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, अहिंसा हे या देशाचे प्राचीन तत्त्व असल्याने फाशीच रद्द करणे उचित होईल, असे मत मांडले होते. ते स्वीकारले गेले नाही. निकाल चुकला तर कैद्याला सोडता येते, फासावर गेलेल्याला परत आणता येत नाही, ही माझी मुख्य अडचण आहे आणि ती धर्मापेक्षा पुराव्याशी अधिक निगडित आहे.

उत्तर (विजापूर वेस)
कुरआनात एका निरपराध जिवाची हत्या ही साऱ्या मानवजातीच्या हत्येसारखी मानली आहे. तरीही खुनाबद्दल किसास, म्हणजे बदल्याची शिक्षा, मान्य आहे. पण मृताच्या वारसांना क्षमा करण्याचा अधिकार आहे आणि क्षमेला पुण्य म्हटले आहे. आपल्या कायद्यात वारसांना असा अधिकार नाही, दयेचा अर्ज राष्ट्रपती किंवा राज्यपालांकडे जातो. ज्याचे माणूस गेले त्याच्या हाती क्षमा असावी, हे मला अधिक पटते, जरी त्यात गरीब वारसांवर दबाव येण्याचा धोका उघड आहे.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. संकल्पी हिंसेचा मुद्दा नातीला समजावला. तिचा पुढचा प्रश्न असा, की मग ती हिंसा कोणाच्या खात्यावर जाते: निकाल लिहिणाऱ्याच्या, खटका ओढणाऱ्याच्या, की बातमी वाचून फाशी मागणाऱ्या आजोबांच्या? शुक्रवार पेठेतील सद्गृहस्थांनी शक्य झाल्यास पुन्हा लिहावे.