रेस, एथ्निसिटी आणि आपला ‘वंश’: मराठीत नेमकं काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल

माझी भाची कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात शिकते. तिथे दर वर्षी आठवडाभर कार्यक्रम असतात. दुपारी भाषणं, रात्री माहितीपट, शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरचा एक पदार्थ न्यायचा. यंदाचा विषय ‘रेस, एथ्निसिटी अँड सोशल जस्टिस’. भित्तिपत्रकावर हे शीर्षक मुलांच्या घरच्या भाषांमध्ये छापायचं ठरलंय, आणि मराठीचं काम तिने माझ्या गळ्यात घातलंय. “मावशी, तीनच तर शब्द आहेत, पाच मिनिटांचं काम!”

आज चौथा दिवस.

‘सामाजिक न्याय’ आयता मिळाला. पण रेसला ‘वंश’ आणि एथ्निसिटीला ‘वांशिकता’ असं लिहिलं तर ‘मीठ, खारटपणा आणि सामाजिक न्याय’ असं काहीतरी वाटतं. शिवाय ‘वंश’ म्हटलं की मला वंशाचा दिवा आठवतो, वंशावळ आठवते, भांडणात आजीच्या तोंडी येणारं ‘निर्वंश होईल मेल्याचा’ आठवतं. काळे-गोरे काही डोळ्यांपुढे येत नाहीत. त्यापेक्षा ‘वर्ण’ बरा का?

जुना उपसंपादक

ताई, वर्ण नको. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांत आम्ही वर्षानुवर्षं ‘वर्णद्वेष’, ‘वर्णभेद’ लिहिलं आणि ते चाललं, कारण तिथे चातुर्वर्ण्याचा घोळ होण्याची भीती नव्हती. पण नुसता ‘वर्ण’ शीर्षकात टाकलात तर मराठी माणूस आधी ब्राह्मण-क्षत्रियांपाशी पोचतो. वधू-वर जाहिरातीत तोच वर्ण ‘गव्हाळ’ असतो, आणि पत्रिका जुळवताना त्याच वर्णाचा छत्तिसांतला एक गुण असतो. एकाच शब्दावर किती ओझी लादायची?

घटनेच्या मराठी पाठात पंधराव्या अनुच्छेदात ‘धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान’ असा क्रम आहे. रेसला ‘वंश’ तिथे पक्का झालाय. त्याला हात लावू नका. खरा प्रश्न दुसऱ्या शब्दाचा आहे.

कळकाचं बेट

माझ्या नावाला जागून सांगतो. संस्कृतात वंश म्हणजे कळक, बांबू. वंशलोचन त्यातूनच निघतं, वंशी म्हणजे बासरीही त्याचीच. पेरावर पेर चढत जातं तशी बापामागून मुलगा ही साखळी, म्हणून घराण्यालाही वंश. म्हणजे आपला वंश उभा वाढतो. रेस आडवी असते. कुठल्या तरी खंडातल्या कोट्यवधी माणसांना एका टोपलीत घालायचं आणि टोपलीला नाव द्यायचं. ताईंना ‘वंश’ वाचून काळे-गोरे दिसत नाहीत ते यामुळे. शब्द चुकीचा नाही, पण आपण त्याला आडवा केला याला फार दिवस झालेले नाहीत.

बे एरियातला

टोपलीचं उदाहरण आवडलं, कारण इथे अमेरिकेत टोपल्यांची नावं सारखी बदलत आली आहेत आणि त्यात आपलीही वर्णी लागलेली आहे. 1920, 1930 आणि 1940 च्या अमेरिकी जनगणनेत ‘रंग किंवा रेस’ या रकान्यात ‘हिंदू’ हा एक पर्याय होता. धर्म म्हणून नव्हे, रेस म्हणून! पंजाबातून आलेला शीख असो की मुसलमान, रकान्यात हिंदूच. 1923 साली भगतसिंग थिंद यांचा खटला इथल्या सुप्रीम कोर्टात गेला. माणूस शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेला, पण कोर्टाच्या कागदावर ‘उच्च जातीचा हिंदू’. बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळे, म्हणून आपण आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरे, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच कोर्टाने तीनच महिने आधी ओझावा नावाच्या जपानी माणसाला सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंद तो शब्द घेऊन आल्यावर कोर्ट म्हणालं, पंडितांचं राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. पुढे 1970 च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं आणि 1980 ला ‘एशियन इंडियन’ अशी वेगळी टोपली आली. एकाच घरातल्या आजोबा-नातवाची रेस सरकारी कागदावर तीनदा बदलली असेल.

एथ्निसिटीचं त्याहून विचित्र. बोलताना तिचा अर्थ भाषा, खाणंपिणं, सणवार, पूर्वज, ‘आपली माणसं’ असा ऐसपैस. पण सरकारी फॉर्मवर कित्येक वर्षं तिचे दोनच पर्याय: हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलुखांतले) आहात की नाही? 2024 च्या मार्चमध्ये नियम बदलून रेस आणि एथ्निसिटी हे दोन्ही प्रश्न एकत्र करायचं ठरलं.

ताईंच्या भाचीला एक गोष्ट जरूर सांगा. ‘एथ्निक’ हा शब्द इथल्या कॉलेजांत मुलांनी भांडून आणला. 6 नोव्हेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या विद्यार्थ्यांची संघटना आणि ‘थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट’ यांचा संप सुरू झाला, तो मार्च 1969 पर्यंत चालला. आमचा इतिहास आम्हाला शिकवा, ही मागणी. त्यातून तिथे एथ्निक स्टडीजचं स्वतंत्र कॉलेज उभं राहिलं. गंमत म्हणजे संप मोडायला बसवलेले हंगामी अध्यक्ष एस. आय. हायाकावा हे अर्थविज्ञानाचे, म्हणजे शब्दांच्या अर्थांचेच प्राध्यापक! 2 डिसेंबरला ते स्वतः ट्रकवर चढले आणि मुलांच्या लाउडस्पीकरच्या वायरी उपटल्या. शब्दांवर पुस्तक लिहिणाऱ्याला समोरचे शब्द ऐकवेनात.

जुना उपसंपादक

आता या ‘एथ्निक स्टडीज’ला मराठीत ‘वांशिक अभ्यास’ म्हणून बघा. लगेच हातात मोजपट्टी घेऊन लोकांचा वंश ठरवायला नाकं मोजणारा, इंग्रजी अमदानीतला रिस्ले साहेब दिसायला लागतो. मुलं ज्याच्या विरोधात उभी राहिली तेच नाव आपण त्यांना देऊन बसतो. ‘वांशिक’ हे विशेषण आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी खराब केलं, हे कबूल. ‘वांशिक हिंसाचार’, ‘वांशिक दंगल’ यांशिवाय ते कुठे छापलंच नाही.

खानदेशी

कूळ कसं वाटतं?

पाटीपेन्सिल

अहो, आम्ही कोकणातले. आमच्याकडे कूळ म्हटलं की लोक सातबारा काढायला धावतात.

निळी शाई

सगळे जण एक शब्द टाळून बोलताय, म्हणून मीच लिहिते. जात. मराठी मुलगा त्या कार्यक्रमाला गेला तर पहिला प्रश्न त्याला हाच पडणार की आपली जात या दोघींपैकी कुठे बसते. डॉ. आंबेडकरांनी 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. तोही कॅम्पसवरचाच कार्यक्रम, एक चर्चासत्र. जात म्हणजे वंश नव्हे, हे त्यांनी पुढे वारंवार मांडलं. एका प्रांतातला ब्राह्मण आणि त्याच प्रांतातला अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत, भिंत समाजाने घातली. उलट 2022 मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने भेदभावविरोधी धोरणात जात घातली ती ‘रेस किंवा एथ्निसिटी’ याच कलमात, रंग आणि पूर्वज यांच्या शेजारी. ब्रँडाइस विद्यापीठाने हे 2019 लाच केलं होतं. धोरण म्हणून मला ते हवंच आहे, संरक्षण मिळालं पाहिजे. पण शब्दचर्चा म्हणून विचाराल तर जात तिथे पाहुणी आहे, वेगळी खोली नसल्याने बैठकीत झोपवलेली.

आणि ‘सामाजिक न्याय’ आयता मिळाला, असं ताई म्हणाल्या. तेवढं सोपं नाही ते. मी शासकीय वसतिगृहात राहून शिकले. माझ्यासाठी सामाजिक न्याय म्हणजे एक खातं, त्याच्या पायऱ्या, जात पडताळणीची पावती आणि शिष्यवृत्ती खात्यावर आली का ते बघायला महाविद्यालयाच्या खिडकीशी लावलेली रांग. 26 जूनला शाहू महाराजांच्या जयंतीला सामाजिक न्याय दिन. तुमच्या भाचीच्या भित्तिपत्रकावरचा शब्द त्यामानाने फार हवेशीर आहे. तरी ठेवा तोच. घटनेच्या उद्देशिकेतला आहे.

पाटीपेन्सिल

निळी शाई, पटलं. ‘आयता’ हा शब्द मागे घेते.

काल भाचीशी फोनवर बोलताना एक सुचलं. आपण नवख्या माणसाला विचारतो, “तुम्ही मूळचे कुठले?” त्या एका ‘मूळचे’मध्ये गाव, बोली, कुलदैवत, जेवणात गूळ की मसाला, सगळं येतं. एथ्निसिटी याहून वेगळी काय? तर ती म्हणाली, मावशी, इथे हाच प्रश्न लोकांना टोचतो. “सॅन होजे” म्हटलं की पुढचा विचारतो, “ते झालं, पण मूळची कुठली?” तिचा जन्म सॅन होजेचा. म्हणजे शब्द बरोबर बसतोय, टोचण्यासकट.

निळी शाई

आपल्याकडे ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणतात. आडनाव कळेपर्यंत जीव टांगलेला. पण ‘मूळ’ चांगलाय. माझं मत त्याला.

कळकाचं बेट

माझंही. वनस्पतीतून बाहेर पडलो नाही म्हणून जास्तच.

जुना उपसंपादक

‘वंश, मूळ आणि सामाजिक न्याय’. छापायला बरं दिसेल. फक्त ‘मुळ’ छापू नका, ऊ दीर्घ.

पाटीपेन्सिल

पाठवलं. लगेच उत्तर आलं: “थँक्यू मावशी! कन्नडवाला मुलगा सुट्टीवर गेलाय. कन्नडमध्ये काय म्हणतात माहितेय का?” इथे कुणी धारवाड-बेळगावकडचं आहे का?