मदत हवी आहे: एसटीएम३२च्या कॅन कंट्रोलरमध्ये फ्रेम गळतात, फिल्टर लावला तर काहीच येत नाही

गोव्यातल्या मालिम जेटीवर आमचा ट्रॉलर आहे. इंजिनाला जे१९३९ची (अवजड इंजिनांच्या संदेशांचं मानक) कॅन बस आहे, म्हणजे दोन तारांवरून छोटे संदेश, म्हणजेच फ्रेम, जातात. केबिनमधला आरपीएमचा मीटर गेला, म्हणून एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप आणि ओलेड स्क्रीन घेऊन मी स्वतःच मीटर बनवतोय. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्याआधी काम व्हायला हवं. बाबा आवाजावरून आरपीएम ओळखतात, पण रात्री समुद्रात त्यांना नुसत्या अंदाजावर सोडायला माझं मन धजत नाही.

वेग २५० केबीपीएस, प्रत्येक फ्रेमचा आयडी २९ बिटांचा. इंजिन बंद असताना दोन तारांमध्ये ६० ओहम मिळतात, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोध जागेवर आहेत. इंजिनाच्या बसला माझ्यामुळे धक्का नको म्हणून कंट्रोलर सायलेंट मोडमध्ये ठेवलाय, म्हणजे तो फक्त ऐकतो.

आयडलला आकडा बरोबर येतो. थ्रॉटल वाढवला की अडकतो, आणि ओव्हररनचा बिट (फ्रेम गळाल्याची खूण) चढलेला दिसतो. माझा हिशोब असा: फिफोत, म्हणजे आलेल्या फ्रेमच्या रांगेत, ३च फ्रेम मावतात. ८ बाइटची एक फ्रेम साधारण अर्ध्या मिलिसेकंदात येते, म्हणजे बस गजबजलेली असली तर दीडेक मिलिसेकंदात फिफो भरला. मी मात्र मेन लूपमध्ये वाचतो, आणि आयटूसीवरून (स्क्रीनच्या जोडणीवरून) ४०० किलोहर्ट्झने स्क्रीनचे १०२४ बाइट पाठवायलाच २३ मिलिसेकंद जातात. म्हणून फक्त पीजीएन ६१४४४ (आरपीएम असलेल्या संदेशाचा क्रमांक) घेणारा फिल्टर लावला, तर एकही फ्रेम येईना. कुठे चुकतंय?

उत्तर:
हिशोब बरोबर आहे. फिल्टरमध्ये आयडी जसाच्या तसा भरलाय का? या चिपच्या ३२ बिटांच्या फिल्टरात २९ बिटांचा आयडी ३ घरं डावीकडे सरकवावा लागतो, आणि एक्स्टेंडेड फ्रेमसाठी त्यात ४ मिळवायचे. मास्कही तसाच सरकवा. मास्कमध्ये १ म्हणजे जुळलंच पाहिजे, ० म्हणजे काहीही चालेल. प्राधान्याचे वरचे ३ बिट आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्याचे खालचे ८ बिट ० ठेवा.

तरी वाचन इंटरप्टमध्येच न्या, म्हणजे फ्रेम येताच मेन लूप थांबवून ती वाचली जाईल. तिथे फक्त ताजा आकडा एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, स्क्रीन मेन लूपमध्ये.

धागाकर्ता:
सरकवायचंच राहिलं होतं! खूप आभार. टेबलावर दोन बोर्ड जोडून पाहिलं, तर पाठवणारा एकच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत बसला. मग लक्षात आलं, सायलेंट मोडमधला बोर्ड ॲक (फ्रेम मिळाल्याची पोच) देत नाही आणि तिसरं कुणी बसवर नाही. टेबलापुरता नॉर्मल मोड केला, फ्रेम नीट आल्या. वाचनही इंटरप्टमध्ये नेलंय. उद्या सकाळी जेटीवर इंजिन पूर्ण थ्रॉटलला चालवतो, ओव्हररनचा बिट पुन्हा चढतो का ते इथेच कळवतो.